खांबावरचे लाल ठिपके

गोठा पाडायचा ठरला तो वैशाखात, पावसाच्या आधी. बैल आदल्या दिवाळीलाच विकलेले. बापूस पौषात गेला. कोलशेतला कारखाना उभा राहिल्यापासून गावात जो तो कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढत सुटलेला, मग भिवाने तरी रिकामा गोठा किती दिवस राखायचा? तो स्वतः त्याच कारखान्यात लागून दीड वर्ष झालेलं.

कौलं उतरली, मागच्या खणातला माळा उघडा पडला, आणि माळ्यावर गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं सापडलं. जड होतं. भिवाने ते खाली अंगणात आणून सोडलं आणि बघतच राहिला.

आत एक विळा होता. पातं नेहमीचं, पण धरायला मूठच नाही. मुठीच्या जागी चिरलेल्या बांबूची अर्धी नळी, आतून मऊ फडकं लावलेलं, वर दोन चामडी पट्टे. खुरपंही तसंच. मग काठ्या. हातभर लांबीच्या, खाली बेचक्यासारखी दोन टोकं, घासून घासून गुळगुळीत केलेली. अशा काठ्या दहा निघाल्या. एकीचं बेचकं रुंद, एकीचं अरुंद, एकीचं जरा वाकवलेलं. नऊ काठ्यांना पट्टे होते, दहावीला नव्हता. आणि सगळ्यांच्या तळाशी बोटाएवढी एक बारीक काडी. तिच्या एका टोकाला लाकडाची गोल टिकली, टिकलीवर वाळलेला लाल रंग. दुसऱ्या टोकाला चामड्याचं कडं.

भिवाने विळा हातात धरून बघितला. धरताच येईना. काठी धरली, तीही बसेना. चांगल्या धडधाकट माणसाच्या हाताला त्यातलं एकही हत्यार जुमानत नव्हतं.

अंगणात माणसं जमायला वेळ लागला नाही.

"चिंबोऱ्यांची काठी हाय ही," शेजारचा विश्राम म्हणाला. मिठागरावर जन्म काढलेला माणूस, त्याला सगळीकडे खाडीच दिसायची. "बिलात घालाची न फिरवाची."

"गप रं. ही काठी बघून चिंबोरी हसंल तुना."

"मंग निवट्यांची. चिखलातलं मासं धराची."

"निवट्याला काय बेचक्यात धरून पापा घ्याचाय?"

लोक हसले. लाल टिकलीच्या काडीवर तर पैजा लागल्या. शेवटी ठरलं की दिवाळीत बैलांची शिंगं रंगवायची काडी असणार. कोणीतरी विचारलं, शिंगाला ठिपके कोण काढतं? त्यावर विश्राम म्हणाला, "आनंदा काढंल. आनंदाचा काय भरवसा?"

आनंदा म्हणजे भिवाचा बापूस. त्याचा खरंच भरवसा नव्हता. दर संकष्टीला तो टिटवाळ्याच्या गणपतीला जायचा. जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन सुके बोंबील भाजून खायचा. "चतुर्थीला बोंबील खाणारा भगत आमच्याच गावात हाय," असं लोक पाहुण्यांना सांगायचे. आनंदा हसायचाही नाही, चिडायचाही नाही. जेवायचा आणि गोठ्यात जायचा.

फक्त आत्या हसली नाही. गंगूबाई, आनंदाची थोरली बहीण. नवरा मेल्यावर ती भावाकडे आली, आणि भिवाला वाढवलं ते तिनेच. ती ओटीवरून म्हणाली, "भंगारात घाल समदं. पन तो मधला खांब काढू नको. तिथं देव हाय."

तो खांब गोठ्याच्या मागच्या खणात होता. त्याच्यावर भिवाच्या खांद्याच्या उंचीला लाल ठिपके होते, शंभर तरी असतील, एकावर एक, वेडेवाकडे, तर काही अगदी गोल. आत्याला ते कितीतरी वर्षांपूर्वी दिसलेले. तिने आनंदाला विचारलं, तो काहीच बोलला नाही. तो नाही म्हणाला नाही याचा अर्थ आत्याने देव आहे असा काढला. तेव्हापासून दर सोमवारी तिथे जास्वंदीचं फूल आणि साखर. पुढे पुढे गावातल्या बायका तापलेली पोरंसुद्धा त्या खांबाला टेकवून न्यायला लागल्या.

भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला. भिवाने त्याला हात हलवत परत पाठवलं.

कारण सांगायचं तर असं होतं. भिवा पाच वर्षांचा असताना त्याची आई तुळसा घर सोडून गेलेली. वसईकडच्या कोणाशी तरी पाट लावून गेली, असं आत्याने सांगितलं, गावाने धरलं आणि बापसाने कधी खोडलं नाही. त्या घरात तिचं नाव निघत नसे. आईचा राग करणं भिवाला सोपं होतं, ती समोर नव्हती. बापूस समोर होता. दुपारी शेतावरून आला की गोठ्याचं दार आतून लावून बसायचा. लहानपणी भिवा फटीतून बघायचा तर नुसती पाठ दिसायची. एकदा दार वाजवलं तर आतून आवाज आला, "जा, खेल." बस, एवढंच. भिवाशी तो माणूस जन्मात जेवढा वेळ बोलला नसेल तेवढा वेळ त्याने या लाकडांना दिला होता. आता भिवाला एवढंच कळून घ्यायचं होतं, की हे सगळं कशासाठी होतं. कोणासाठी होतं.

सुट्टीच्या दिवशी गोणपाट खांद्यावर टाकून तो ठाण्याला निघाला, श्रीपाद मास्तरांकडे. चौथीला त्याला शिकवलेलं, जुन्या वस्तूंचं वेड असलेला माणूस. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, हत्यारं ओळीने मांडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे भिवा, हे फार जुनं असणार. फिरंग्यांच्या अमदानीतलंही असेल. आपल्या शाळेत शेतकी प्रदर्शन भरतंय, तिथे ठेवू या. खाली तुझ्या वडिलांचं नाव घालू."

भिवाला क्षणभर बरं वाटलं. बापसाचं नाव, तेही शाळेत. मग मास्तरांनी एक पट्टा उलटा करून नाकाशी नेला आणि हळूच खाली ठेवला.

"नाही रे. चामडं जुनं नाही. पाच-सहा वर्षांच्या वर नसेल. आणि टाका बघ किती सफाईचा आहे. हे घरचं काम नव्हे. ज्याने शिवलं त्याला विचार, माझ्यासारख्याला विचारून काय उपयोग?"

ठाण्यात चामड्याचं काम करणारे असे किती असणार? तिसऱ्या ठिकाणी, जांभळी नाक्याजवळ, विठ्ठल चांभाराने पट्टा हातात घेतला आणि न बघता, नुसता अंगठा फिरवून म्हणाला, "माझा टाका आहे. कोलशेतचा आनंदा ना? कुठे आहे तो? पट्टा सांगून गेला तो न्यायला आलाच नाही."

"वारला. पौषात. मी त्याचा पोरगा."

विठ्ठलने आरी खाली ठेवली. मग मागच्या डब्यातून एक नवा पट्टा काढून त्याने भिवापुढे ठेवला. लहानसा, मऊ, तेल पाजलेला.

"हा कशाचा?" भिवाने विचारलं.

"मनगटाचा. बारा वर्षं झाली असतील, पहिल्यांदा आला तेव्हा सुतळीला गाठी मारून माप आणलेलं. मी म्हटलं, अरे हे मनगटाचं झालं, बोटांचं माप कुठाय? तर म्हणाला, बोटं नाहीत." विठ्ठलने आवाज उतरवला. "मी म्हटलं, कोण आहे? म्हणाला, घरातलं माणूस आहे. मग दर दोन-तीन वर्षांनी यायचा. दर वेळी सुतळी जरा आखूड असायची. पुढे मी विचारायचं सोडलं."

भिवाने तो पट्टा आपल्या मनगटाला लावून बघितला. पुरला नाही.

"चपलाही न्यायचा," विठ्ठल म्हणाला. "खाली जाड मऊ तळ असलेल्या. डावी पुढून कापलेली. असल्या चपला कोण घालतं ते मला कळतं रे. पण आपण कशाला बोलायचं."

माजिवड्यापर्यंत भिवा चालत आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिथे वाटेकडेला थांबून त्याने एक काठी काढली आणि बेचकं जमिनीत दाबलं. त्याने आयुष्यभर आवणी केलेली. रोप अंगठ्यात आणि दोन बोटांत धरायचं, चिखलात खुपसायचं, हात काढायचा. दिवसातून हजार वेळा. बोटं असलेल्या माणसाने त्याला काठी कशाला घ्यावी? पण बोटंच नसतील तर?

आणि मग त्याला ते आठवलं. तो दहा वर्षांचा होता. आषाढात सगळं गाव शेतात वाकलेलं, आणि बापूस बांधाकडेला, दोन्ही हात फडक्यांनी गच्च गुंडाळून, मनगटाला काठी बांधून, एकेक रोप चिखलात खोचत होता. रोप पडायचं. तो परत खोचायचा. पोरं ओरडली, "भिवाचा बापूस येडा झाला!" भिवा शरमेने घरी पळालेला. त्या रात्री तो बापसाशेजारी जेवायलासुद्धा बसला नव्हता.

आत्या अंगणात सुक्या सोड्यांचं टोपलं निवडत होती. भिवाने गोणपाट तिच्यापुढे टाकलं.

"आत्ये, आयस कुठं हाय?"

आत्याचे हात थांबले. मग टोपलं बाजूला सारलं.

"पयल्यानं पाठीवर चट्टा आला. मंग एक दिस चुलीवरचा तापलेला तवा तिनं हातानं उचलला, न तिला कललाच नाय. वास आला तवा कललं." आत्या भिवाकडे बघत नव्हती. "तीच बोल्ली, मी पलाली म्हना. महारोग बोललात त भिवाला कोन पोरगी देल? पलालेलीच्या पोराला देतात. तुज्या बापसाला शपथ घातली तिनं."

"आणि तू?"

"तू पाच वर्सांचा, दाराशी बसून रडायचास. मागं जाशील म्हनून तुज्यात राग भरला. मीच भरला." तिने पदर तोंडाला लावला. "तुजा बापूस बोल्ला, गंगे, येवढा नको भरू. मी ऐकलं नाय."

"टिटवाल्याला हाय ती?"

"हां. देवलाच्या पल्याड, नदीकाठाला खोपटी हायत त्यांची. आनंदा दर चतुर्थीला जायाचा. खांबाचं मात्र मना कायच म्हाईत नाय, तुजी आन." जरा थांबून ती म्हणाली, "भिवा, ती अजून कुंकू लावत असंल रं. पाच म्हैनं. मना हिंमत नाय झाली. तुला जायला पायजे. तिला सांगायला पायजे."

दोन दिवस भिवा नुसता कामावर गेला आणि आला. तिसऱ्या दिवशी त्याने बिनपट्ट्याची दहावी काठी घेतली. बेचकं पुरं झालेलं, फक्त पट्टा राहिलेला. विठ्ठलने दिलेला पट्टा त्याने तिला ओवला, वादी ओढली आणि गाठ आतल्या अंगाला लपवली, म्हणजे वरून साफ दिसेल. हे एक काम तरी बापसासारखं नीट झालं पाहिजे असं त्याला वाटलं.

संकष्टीला तो टिटवाळ्याला उतरला. देवळाकडे न वळता सरळ पुढे गेला. नदीच्या वरच्या अंगाला दहा-बारा खोपटी होती, पलीकडे भाताचे छोटे तुकडे, बांध नीट घातलेले. पायाला फडकी बांधलेला एक म्हातारा ऊन खात बसलेला.

"तुळसा?" भिवाने विचारलं.

"आनंदाची तुळसा? शेवटचं खोपटं. आज ती आत नसंल, दारात असंल. आज चतुर्थी ना."

ती दारात बसलेली. रस्त्याकडे तोंड करून. भुवया गेलेल्या, नाक बसलेलं, पण कपाळावर कुंकू होतं. चांगलं मोठं, गोल, मधोमध. एवढं नीट कुंकू भिवाने कोलशेतला एकाही बाईच्या कपाळावर पाहिलं नव्हतं.

ती आधी त्याच्या मागे बघत राहिली, मागून अजून कोणी येतंय का म्हणून. मग तिने भिवाकडे बघितलं.

"ते का नाय आले?" तिने विचारलं. आणि लगेच, "भिवा ना तू? चाल त्यांचीच हाय."

घरून निघताना भिवाने वाक्य ठरवलेलं. बापूस गेला. दोनच शब्द होते. ते तोंडातून आलेच नाहीत.

"पाय मोडला बापसाचा," तो म्हणाला. "गोठ्याच्या माळ्यावरनं पडला."

"तरी मी बोलतंय, माल्यावर चडू नका. ऐकतात कुठं!" ती हसली. तिचा अडकलेला जीव त्या हसण्यात मोकळा झाला. "चार चतुर्थ्या हितं बसले रं मी. नको नको ते मनात आलं. बस. तिथंच बस, जवल नको येऊ. हितलं पानी पन नको पिऊ."

भिवा दगडावर बसला. तिने भराभरा विचारलं. कारखान्यात काय काम करतोस? हात सांभाळतोस ना? गंगूबाय कशी हाय? अजून ओरडते का? लगीन?

"बघतायत. माजिवड्याची मुलगी आहे."

"देतायत ते?"

"देतायत."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि समाधानाने नदीकडे बघितलं. भिवाला खाली मान घालावी लागली.

त्याने गोणपाटातून ती बारीक काडी काढली. "ही कशाची आहे? गावात कोणालाच ओळखता येईना. बैलाची शिंगं रंगवायची म्हणतात."

तुळसा एवढी हसली की तिला खोकला आला. खोपटात जाऊन ती तशीच दुसरी काडी घेऊन आली. कडं मनगटात सरकवलं, टिकली मेणात टेकवली, मग कुंकवाच्या करंड्यात, आणि कपाळावरच्या कुंकवावर बरोबर दाबली.

"पयल्यानं ठिपका कानाकडं जायाचा. बाया हसायच्या. मंग तुजा बापूस बोल्ला, गोठ्यात खांब हाय, त्याच्यावर तुज्या कपालाएवढ्या उंचीला करून बघतो. किती येला केलं देव जाने."

"शंभर येला," भिवा म्हणाला. "आत्या त्या ठिपक्यांना फुलं वाहते. गावातल्या बायका पोरं टेकवायला येतात. देव आहे म्हणून."

"अगो बाय माजे!" ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने दंडाने पुसलं. भिवाही हसला. अठरा वर्षांत आईबरोबर हसायचा हा त्याचा पहिला दिवस. सांगायचं ते उद्या सांगू, पुढच्या चतुर्थीला सांगू, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"हे बापसाने दिलंय," म्हणून त्याने नवी काठी पुढे केली. "आषाढाला होईल."

"जुनी सैल झाली की ते घरी न्यायाचे न नवी आनायचे," म्हणत तिने हौसेने हात पट्ट्यात घातला. काठी वर-खाली करून बघितली, बेचक्याकडे बघून मान डोलावली. मग हात उलटा केला. आणि तशीच बघत राहिली.

"ही गाठ कोनी मारली?"

"बापसानं."

तिने गाठीवरून दुसरं मनगट फिरवलं. मग म्हणाली, "आतल्या अंगाला गाठ ते मारत नाय. मना टोचलेलं कलत नाय ना. पयल्या वर्सी आत गाठ होती, आखी आवनी केली, न हाडापर्यंत गेली. मना कललं पन नाय. ते बघून रडले. तवापासनं गाठ वरच्या अंगाला. एकदा पन चुकले नायत."

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"कवा?" तिने विचारलं.

"पौषात," भिवा म्हणाला.

तिने मान हलवली, जसं काही कोणी वाट सांगावी आणि ती तिला ठाऊकच असावी. मनगटातलं कुंकवाच्या काडीचं कडं दाताने ओढून काढलं. टिकली लुगड्याच्या कडेला पुसली, एकदा, दोनदा, लाल निघेनासं होईतोवर. आणि काडी दोन्ही मनगटांत धरून तिने त्याच्या गोणपाटात टाकली.

"ही पन घेऊन जा."

मेणातलं कुंकू कपाळावर तसंच होतं, ते एका पुसण्याने जाणारं नव्हतं. तिने काठी बांधलेला हात भिवाच्या दिशेने लांब केला. इतका वेळ जवळ येऊ नको म्हणत होती ती.

"गाठ सोड," ती म्हणाली. "वरच्या अंगाला मार. रोपं वाट बघत नाय कोनाची."

भिवा दगडावरून उठला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि तो हात त्याने मांडीवर घेतला. हलका होता, कोरडा होता. वादी सोडली, वरच्या अंगाला घेतली, दोन वेढे दिले.

"घट्ट झाली का?" त्याने विचारलं.

"तूच बघ रं," ती म्हणाली. "मना कलत नाय."